बांगडा निर्दोष!

आमच्या घरात वीस महिने बांगड्यावर बंदी होती, आणि ती मी घातली होती.

ज्यांचं घर गोव्यात नाही त्यांना या वाक्याचं गांभीर्य कळायचं नाही. डिचोलीतल्या आमच्या घरी सकाळी नुस्तेंवालीची हाक आली की बाबा हातातलं काम टाकून फाटकापाशी जातात. घेवोत न घेवोत, टोपलीत डोकावणं हा त्यांचा नेम. सोमवार आणि श्रावण पाळणारा हा माणूस बाकीच्या दिवशी हुमणाशिवाय जेवला, असं मला आठवत नाही. अशा माणसाला मी बंगळूरहून व्हॉट्सअ‍ॅपवर एक एक्सेल शीट पाठवली. हिरव्या रंगात चालणारे पदार्थ, लाल रंगात न चालणारे. लाल यादीत बांगडा, तारले, सुंगटां, तिसऱ्या, खुबे, मटण, बिअर, फेणी. शिवाय कुठल्याशा संकेतस्थळावर वाचून मी त्यात तूरडाळ, पालक आणि टोमॅटोही घातले होते. आईने फोनवर एवढंच विचारलं, "मग पाणी चालतं ना रे?"

झालं होतं असं. २०२२ च्या चवथीला बाबा स्टुलावर चढून माटोळी बांधत होते. दुसऱ्या दिवशी उजवा गुडघा नारळाएवढा सुजला. लाल, गरम, चादरीचा स्पर्शही सहन होईना. वय ६७. सगळा जन्म खाणीवरच्या वर्कशॉपमध्ये टिपर आणि डंपरच्या खाली उकिडवं बसून गेला. २०१२ साली खाणी बंद पडल्या तेव्हा ते घरी आले ते आलेच. मधल्या काळात काही खाणी सुरू झाल्या, २०१८ च्या मार्चमध्ये पुन्हा थांबल्या, पण त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. अंग मात्र तसंच काटक होतं. गुडघ्याने प्रथमच दगा दिला.

जवळच्या एका दवाखान्यात रक्त तपासलं. युरिक अ‍ॅसिड ७.८. साधारण ७ च्या आत असावं लागतं. गाऊट, म्हणजे जुन्या भाषेत वातरक्त, असं निदान झालं, गोळ्या लिहून दिल्या, मासे आणि दारू कमी करा म्हणून सांगितलं. 'कमी करा' होतं ते. 'बंद' मी केलं. इंजिनिअर मुलगा परगावी असला की त्याच्या हातात करण्यासारखं दुसरं काही नसतं. तो शीट बनवतो.

गोळ्यांनी आकडा उतरला. ६.४, मग ५.६, मग ५.१. दर तीन महिन्यांनी रिपोर्टचा फोटो यायचा आणि मी बोटं उंचावल्याचं चित्र पाठवायचो. डॅशबोर्ड हिरवा. गुडघा मात्र मधूनमधून सुजतच होता. प्रत्येक वेळी मी आईची उलटतपासणी घ्यायचो. डाळ घातली होती का? कोणाकडे जेवायला गेले होते का?

२०२४ च्या एप्रिलमध्ये बाबा पेडणे तालुक्यात कोरगावला आत्याकडे चार दिवस राहायला गेले. काजूचा मोसम. दिवसभर बागायतीत बसून बोंडू पिळायचे, बिया वेगळ्या करायच्या. आत्याने भावासाठी बांगडे आणले, हुमण केलं, दोन तुकडे तव्यावर भाजले. बाबा जेवले. परत आल्यावर तिसऱ्या दिवशी गुडघा पुन्हा नारळाएवढा.

मी फोनवर जे बोललो ते इथे लिहिणं अवघड जातं, पण लिहितो. "बाबा, तुम्हाला चालायचंय की खायचंय, ते एकदा ठरवा. मी रजा टाकून टाकून येऊ शकत नाही." पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, "हुर्राक घेतली नाही रे. फक्त बांगडा." शाळेत चूक पकडली गेलेला मुलगा बोलतो, तसा आवाज होता तो. मी दुसऱ्या दिवशी विमान पकडलं, ते काळजीने कमी आणि रागाने जास्त.

या वेळी कोणीतरी पणजीच्या एका संधिवाततज्ज्ञ डॉक्टरांचं नाव सुचवलं होतं. वयाने माझ्याएवढ्याच असतील. त्यांनी माझी शीट बघितली, हसल्या नाहीत, ही त्यांची मेहेरबानी. पहिला प्रश्न विचारला, "काका, गुडघ्यातलं पाणी कधी तपासलंय का?"

नव्हतं तपासलं.

"रक्तातलं युरिक अ‍ॅसिड जास्त असलेल्या कितीतरी माणसांना गाऊट कधीच होत नाही," त्या म्हणाल्या. "आणि गाऊटच्या ऐन झटक्यात रक्ताचा आकडा नॉर्मलही येतो. आजार सांध्यात आहे, तर सांध्यातच बघायला हवं." शिवाय सांधा एवढा तापलाय म्हणजे आत जंतूंचा संसर्ग नाही ना, हेही पाण्यावरूनच कळतं, आणि ते तातडीने कळावं लागतं. त्यांनी सुई घालून पिवळसर, गढूळ पाणी काढलं. त्यातला भाग जंतूंच्या तपासणीला पाठवला आणि एक थेंब काचपट्टीवर घेऊन बाजूच्या खोलीत गेल्या. मी दारात घुटमळत होतो. "सॉफ्टवेअरवाले ना तुम्ही? या, बघा."

त्या खोलीतला सूक्ष्मदर्शक मी कॉलेजात पाहिलेल्यांसारखाच होता. फरक फक्त दोन छोट्या चकत्यांचा. एक दिव्याच्या वर, दुसरी डोळ्याकडच्या नळीत. दोन्ही ध्रुवक, म्हणजे पोलरायझर.

प्रकाश ही लहर आहे हे आपण शाळेत घोकतो. दोरीचं एक टोक खिडकीला बांधून दुसरं हातात धरून हलवलं तर लहर वरखाली जाईल, आडवी जाईल, तिरकी जाईल, जशी हलवाल तशी. साध्या दिव्याच्या प्रकाशात या सगळ्या दिशांची सरमिसळ असते. आता ती दोरी खिडकीच्या उभ्या गजांमधून ओवली असं समजा. फक्त वरखाली हलणारी लहर पलीकडे जाईल. ध्रुवक तेच करतो. आणि त्यापुढे आडव्या गजांची दुसरी खिडकी ठेवली, की काहीच जाणार नाही. काळोख.

डॉक्टरांनी तसाच काळोख केला आणि म्हणाल्या, "आता या दोन खिडक्यांच्या मध्ये काकांचं पाणी आहे." मी डोळा लावला. काळ्यावर काही बारीक, फिकट ठिपके चमकत होते. पेशी, पाणी, बाकी सगळं अंधारात गेलेलं. ज्याच्या आत रेणूंची शिस्तबद्ध रांग आहे, तेवढंच उरलेलं. स्फटिकात शिरलेला प्रकाश दोन वाटांनी विभागतो, एक जलद, एक मंद. बाहेर पडताना दोघांत थोडं अंतर पडतं, लहरीची दिशा बदलते, आणि ती दुसऱ्या खिडकीतून निसटते. म्हणून स्फटिक उजळतो.

पण कुठला स्फटिक? इथे त्यांनी तिसरी चकती सरकवली आणि सगळं दृश्य जांभळट गुलाबी झालं. ही चकती प्रकाशाच्या दोन वाटांमध्ये आधीच साधारण ५३० नॅनोमीटरचं, म्हणजे हिरव्या रंगाच्या एका पूर्ण लहरीएवढं अंतर पाडून ठेवते. हिरवा गाळला जातो, गुलाबी उरतो. आता स्फटिकाने या अंतरात थोडी भर घातली तर तो निळा दिसतो, थोडं वजा केलं तर पिवळा. चकतीवर मंद वाटेचा एक बाण कोरलेला असतो. गाऊटचे स्फटिक सुईसारखे असतात, आणि बाणाला समांतर असताना ठळक पिवळे दिसतात.

"हे बघा." त्यांनी एक ठिपका मधोमध आणून बाणाच्या रेषेत फिरवला. पतंगासारखा तिरका चौकोन. फिकट, अगदी पाण्यात विरघळलेल्या निळीसारखा निळा. टेबल काटकोनात फिरवलं, पिवळा. पुन्हा फिरवलं, निळा. दुसरा शोधला, तोही तसाच. तिसरा एका पांढऱ्या पेशीच्या पोटात होता. पिवळी सुई एकही सापडेना.

"युरेट नाही. कॅल्शियम पायरोफॉस्फेट आहे. याला पूर्वी स्यूडोगाऊट म्हणायचे. खोटा गाऊट."

मी एकच प्रश्न विचारला. "याचा आणि मासे खाण्याचा संबंध?"

"काही नाही."

आमच्या धंद्यात याला साइन एरर म्हणतात. आकडा बरोबर, आकार जवळपास बरोबर, फक्त अधिकच्या जागी वजा. वजाला अधिक समजून सगळा प्रोग्रॅम चालवायचा आणि उत्तर का चुकतंय म्हणून दिवसेंदिवस डोकं धरून बसायचं. मी दोन दोन रात्री अशा चुका शोधल्यात. घरातली मात्र वीस महिने दिसली नाही.

आणि दिसण्यासारखी होती. पहिला झटका आला तो चवथीच्या सुमारास. त्याआधी सगळा श्रावण गेला होता, महिनाभर घरात नुस्तं शिजलंच नव्हतं! युरिक अ‍ॅसिड ५.१ वर आलं तरी गुडघा सुजत होता. म्हणजे फिक्स टाकला, रिलीज केला, आणि तक्रार तशीच आली. असं झालं तर ऑफिसात मी पहिलं वाक्य म्हणतो, 'मग बग तो नव्हताच.' बाबांच्या बाबतीत मी म्हणालो, 'तुम्ही काहीतरी खाल्लं असणार.' त्याहून वाईट म्हणजे २०२२ चा एक्स-रे माझ्या फोनमध्येच होता. डॉक्टरांनी तो मोठा करून गुडघ्याच्या दोन हाडांमधल्या मोकळ्या जागेत एक बारीक पांढरी रेघ दाखवली. कूर्चेत साचलेलं कॅल्शियम. तेव्हाही होती. एक्स-रे घेतला त्यांनी ती पाहिली नाही, आणि दिवसभर चित्रांतले दोष ओळखणारे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मीही नाही.

हा सगळा शोध फार जुना नाही. गाऊटच्या गाठीतल्या सुया लेवेनहूकने सतराव्या शतकातच आपल्या भिंगातून पाहिल्या होत्या. पण सांध्यातल्या पाण्याला ध्रुवित प्रकाशात बघून निदान करायची पद्धत अमेरिकेत मॅकार्टी आणि हॉलंडर यांनी १९६१ मध्ये मांडली. तसं बघताना काही रुग्णांत सुयांऐवजी भलतेच स्फटिक दिसू लागले, आणि पुढच्याच वर्षी खोट्या गाऊटला वेगळं नाव मिळालं. तोवर अशा सगळ्यांना गाऊटच म्हणत असणार. किती जणांचे मासे आणि वाइन विनाकारण सुटले असतील, देव जाणे.

डॉक्टरांनी गुडघ्यात इंजेक्शन दिलं, आधीच्या गोळ्या स्वतः बघून बंद केल्या, कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह आणि पॅराथायरॉईडच्या तपासण्या सांगितल्या, कारण कधीकधी मूळ तिथे असतं. बाबांच्या त्या सगळ्या ठीक आल्या. जंतूही निघाले नाहीत. वय, आणि झिजलेला गुडघा. "काम काय करायचात काका?" या प्रश्नाला बाबांनी उत्तर दिलं तेव्हा त्या जरा थांबल्या. मग मला म्हणाल्या की फुप्फुसाच्या तुकड्यात दगडाची धूळ, म्हणजे सिलिका, साचली असेल तर पॅथॉलॉजिस्ट तीही असल्याच काळोखात शोधतात. बारीक फिकट ठिपके दिसतात. आमच्या शिरगाव, मये, पाळी, वेळगे या पट्ट्यात लहानपणी झाडांची पानंसुद्धा तांबडी असायची. त्या वाक्यावर आम्ही दोघेही काही बोललो नाही. बाबांनी शर्टाची बटणं लावली.

(एक स्पष्टीकरण, नाहीतर मंडळातल्या डॉक्टर मावश्या मला फैलावर घेतील. खरा गाऊट असेल त्याने मांस, मासे आणि दारू सांभाळायलाच हवी. काहींना तर दोन्ही प्रकारचे स्फटिक एकत्र असतात. मी सांगतोय ते आमच्या एका गुडघ्याचं. डाळ आणि पालकाचं मात्र मी उगाच घातलं होतं. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन पाहणीत मांस आणि मासे खाणाऱ्यांत गाऊट वाढलेला दिसला, पण डाळी-भाज्यांमुळे वाढल्याचं दिसलं नाही.)

पणजीहून परत येताना गाडीत बराच वेळ कोणी बोललं नाही. मी माफी कशी मागायची याची जुळवाजुळव करत होतो. आमच्याकडे बापलेकांत माफी मागायची पद्धत नाही, त्यामुळे त्यासाठी वाक्यं तयार नसतात. साखळीचा फाटा जवळ आला तेव्हा बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले,

"म्हणजे तो बांगडो निर्दोश रे."

"हो बाबा."

"तुज्या आत्येक फोन कर. तिका वायट दिसलां." आत्याला वाईट वाटलं होतं. आपल्या हातचं खाऊन भाऊ अंथरुणाला खिळला, असं ती आठवडाभर धरून बसली होती. हे मला माहीतच नव्हतं. मी तिथेच गाडी बाजूला घेतली आणि कोरगावला फोन लावला. ती रडली, मग हसली, मग मला शिव्या घातल्या. त्या मी सर्व ऐकल्या.

माझ्या डोक्यातून ती गुलाबी चौकट जाईना. त्या पावसाळ्यात मी महिनाभर घरून काम करायला डिचोलीत राहिलो आणि भाचीच्या मदतीने तसलंच काहीतरी जुळवलं. ती सातवीत. तिच्या शाळेच्या प्रदर्शनासाठी घेतलेला साधा सूक्ष्मदर्शक होता. ध्रुवक हवे होते, तर हरमलच्या किनाऱ्यावर विकत घेतलेले दोन गॉगल सापडले. 'पोलराइज्ड' म्हणून घेतलेले, त्यातला एक निघाला निव्वळ काळी काच. हे ओळखायची युक्ती मुलांनी जरूर करून बघावी. लॅपटॉपचा एलसीडी पडदा पांढरा करून चालू ठेवा. त्यातून येणारा प्रकाश ध्रुवितच असतो, कारण त्या पडद्याचं सगळं काम दोन ध्रुवकांवर चालतं. आता गॉगल समोर धरून हळूहळू गोल फिरवा. एका कोनात पडदा काळाकुट्ट झाला तर गॉगल खरा. नाही झाला तर घासाघीस करून वाचवलेले पन्नास रुपयेही वायाच गेले. पडदा काळा झाला की मध्ये पारदर्शक चिकटपट्टीचे दोन-तीन थर धरा, इंद्रधनुष्य दिसेल. दहा वर्षं रोज बारा तास ज्या पडद्याकडे बघितलं, त्याच्यात हे लपलंय हे मला पस्तिशीत कळलं!

खऱ्या गॉगलच्या दोन काचा काढून आम्ही एक सूक्ष्मदर्शकाच्या खाली, एक वर बसवली. बटाटा खरवडून एक थेंब ठेवला. पिठाच्या प्रत्येक कणावर काळी फुली उमटली, जशी निवडणुकीच्या कागदावर मारतात तशी. मग आत्याने पाठवलेलं तेरं. पावसाळ्यात परसात उगवणाऱ्या या रानटी अळवाची भाजी आमच्याकडे आंबट घातल्याशिवाय करत नाहीत, नाहीतर घसा खाजतो. देठाचा पातळ काप ठेवला आणि भाची किंचाळली. काळोखात पांढऱ्या सुयांच्या जुड्या. कॅल्शियम ऑक्झलेट. घशात टोचतात त्या याच. आई चष्मा सावरत आली, बघितलं, म्हणाली, "हें आमी खातात?" आणि त्या दिवशी आंबाडे दोन जास्त घातले.

सगळ्यात सुंदर निघालं तारल्याचं खवलं. ते म्हणजे मुख्यतः कोलॅजन, आपल्या कातडीत, कूर्चेत, शिरांच्या दोरखंडांत असतं तेच प्रथिन. तीन पदरी वेणीसारखी त्याची रचना आहे, हे १९५४ मध्ये मद्रासला जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी सुचवलं. त्याचे धागे एका दिशेला नीट लागलेले असतात म्हणून ध्रुवित प्रकाशात ते उजळतात, विस्कटले की मंदावतात. आजचे संशोधक याच गोष्टीच्या मागे आहेत. कर्करोगाची सुरुवात होते तेव्हा आसपासच्या ऊतीतली ही वीण बदलते. ती रंग न लावता, केवळ प्रकाशाच्या दिशेतल्या बदलावरून मोजता येईल का? कोलकात्याच्या आयसरमध्ये निर्मल्य घोष यांचा गट या विषयावर बरीच वर्षं काम करतो आहे. चित्रातल्या एकेका बिंदूसाठी एका रंगाऐवजी चार बाय चारचं कोष्टक, म्हणजे सोळा आकडे मिळतात. मला प्रोग्रॅमर म्हणून याचा मोह पडला नसता तरच नवल. आता शनिवार-रविवार मी तसल्या आकड्यांवर थोडंफार शिकतो आहे. त्यात एक अधिक-वजा तपासणारी ओळ मी सर्वांत आधी लिहिली.

बाबांचा गुडघा अजून वर्षातून एखाद्या वेळी सुजतो. बर्फ, विश्रांती, दोन दिवस गोळी, आणि पुन्हा फाटकापाशी. एक्सेल शीट मी पुसली नाही, आईने तिची छापील प्रत मासे साफ करताना खाली अंथरायला वापरली. लाल रंग होता ती बाजू वर करून.

गेल्या आठवड्यात फोन आला. तारले स्वस्त होते म्हणून शेरभर घेतले, असं बाबा सांगत होते. मग म्हणाले, "भाचीसाठी दहा-बारा खवली धुऊन वहीत दाबून ठेवली आहेत. मोठी मोठी निवडली. तू येशील तेव्हा तो तुझा गॉगल घेऊन ये."